समोर बसलेल्याचा हात

“माझ्या बापाशीचा पुस्तक हय असा. माका ता बघूचा असा.”

आवाज एवढा मोठा की वाचनकक्षातल्या सगळ्यांनी माना वर केल्या. भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी होती आणि ती आमच्याकडे फार गंभीरपणे घेत. तिथे खोकलासुद्धा लोक बाहेर जाऊन खोकत. म्हातारा त्या पाटीखालीच उभा होता. सत्तरीच्या पुढचा, काळाकभिन्न, अंगात स्वच्छ धुतलेला शर्ट, काखेत कापडी पिशवी. वाचता येत नसल्याने पाटीचा त्याला काहीच त्रास नव्हता.

मी लगबगीने उठून गेले. “आजोबा, हळू बोला. कुठलं पुस्तक?”

“हळूच बोलतंय मां,” म्हातारा म्हणाला. त्याच्या हिशेबी तो हळूच बोलत होता. सगळी उमर वाऱ्यावर ओरडण्यात गेलेल्या माणसाचा तो हळू आवाज होता.

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. पुण्यातल्या विद्यावर्धिनी ग्रंथसंग्रहालयात मी कॅटलॉगर होते. सव्वा लाख ग्रंथ, साडेसहा हजार हस्तलिखितं, मोडी कागदांचे रुमाल, ताडपत्रं, इंग्रजी अमदानीतले नकाशे. जर्मनी-जपानचे पंडित यायचे आणि आमच्या लाकडी खुर्च्यांवर बसून पाठ दुखवून घ्यायचे. माझं काम कार्डं करण्याचं. आलेल्या प्रत्येक वहीचं, पोथीचं एक कार्ड. सर्वांत वर कर्त्याचं नाव, खाली शीर्षक, मग आकार, पानं, क्रमांक. वाचक येतो, नाव शोधतो, कार्ड सापडतं, वही मिळते. ज्याचं नाव कार्डाच्या माथ्यावर नाही, तो आमच्या लेखी जन्मालाच आलेला नाही. हे वाक्य मी तेव्हा मोठ्या अभिमानाने लोकांना ऐकवत असे.

मी बार्शीची. समुद्र एकदाच पाहिलेला, शाळेच्या सहलीत, तोही लांबून. दोन वर्षांच्या उमेदवारीवर होते आणि कायम व्हायला तीन महिने उरले होते.

म्हाताऱ्याला बसवून मी विचारलं, “वडिलांचं नाव काय?”

“सगुण कोयंडे. सगुण तांडेल म्हणत, गलबत चालवी. देवगडच्या बंदरात कोणाकय इचारा. मी तेचो झील, भिकाजी.”

मी ‘को’चा खण ओढून पाहिला. कोयंडे नावाचं कोणी नव्हतं. तसं सांगितलं, तर भिकाजींनी पिशवीतून घडी घातलेला वर्तमानपत्राचा तुकडा काढून माझ्यापुढे ठेवला.

“गावात मास्तरान ह्या वाचून दाखवल्यान. आयकताना माझ्या लक्षात इला, ह्या तर बापाशीचा बोलणा. रात्री येष्टीत बसलंय नि इलंय.”

तुकडा आमच्याच संस्थेविषयी होता. शंभराव्या वर्षानिमित्त ग्रंथसंग्रहालय एक दुर्मीळ हस्तलिखित प्रसिद्ध करणार. देवगड बंदरातले जकात कारकून कै. अनंत विनायक परचुरे यांनी १९०९ साली लिहिलेला समुद्रमार्गाचा ग्रंथ. खाली नमुन्यादाखल चार ओळी. त्या चार ओळी निवडून मीच दिल्या होत्या. वहीची मुद्रणप्रत मीच तयार केली होती. ‘परचुरे, अनंत विनायक’ हे कार्डही माझ्याच अक्षरातलं. आणि ती वही आमचे कार्याध्यक्ष ॲडव्होकेट श्रीनिवास परचुरे यांनी, म्हणजे अनंतरावांच्या नातवाने, संस्थेला भेट दिली होती. सोमवारी ती छापखान्यात जायची होती. तो शुक्रवार होता.

“आजोबा, तुम्हाला नेमकं काय हवंय?”

“बापाशीचा नाव,” भिकाजी म्हणाले. “दुसरा काय नको. सांगल्यान बापाशीन, लिवल्यान तेणा. मी धा वर्साचो होतंय तेव्हा बापूस माका सांगी, ‘पुण्याचो बामण हयसर येवन बसा, नि मी सांगलला सगळा लिवन घेय.’ लिवन घेतल्यान तेचा नाव रवला. सांगल्यान तेचा गेला. ह्या बरा दिसता?”

बरं दिसत नव्हतं. पण कार्ड दिसण्यावर चालत नाही.

*

ग्रंथपाल सोवनी यांच्यापुढे मी हे घेऊन गेले. सोवनी बत्तीस वर्षं तिथे होते. माणूस सरळ, पण नियमाचा इतका पक्का की स्वतःच्या टेबलावरचं पुस्तक घ्यायलाही मागणीची चिठ्ठी भरायचे.

“शीर्षकपानावर काय आहे?” त्यांनी विचारलं.

“परचुरे.”

“मग कार्डावर परचुरे. आपण न्यायाधीश नाही, ढवळेबाई. आपण पानावर आहे ते उतरवून घेतो.”

“पण उतरवून घेणाऱ्यालाच आपण कर्ता केलंय, सर.”

सोवनींनी चष्म्यावरून पाहिलं. मला वाटलं, आता ओरडणार. ते म्हणाले, “पुरावा?”

“ते बाहेर बसलेत. त्यांना सगळं पाठ आहे म्हणतात.”

“मग वही काढा आणि ताडून पाहा. चिठ्ठी भरून. आणि त्यांना एका दिवसाचं वाचकपत्र द्या. शिफारस कोणाची तरी लागेल.”

“माझी,” मी म्हटलं आणि सही केली.

मधल्या मोठ्या टेबलाशी भिकाजी एका बाजूला बसले, मी वही उघडून त्यांच्यासमोर, आणि सोवनी टेबलाच्या टोकाशी. वहीचा कागद पिवळा पडलेला, अक्षर मात्र मोत्यांसारखं. कारकुनाने जीव ओतून लिहिलं होतं, ते नाकारता येत नाही. मी एका पानावरची पहिली ओळ वाचली, “सुरंगवाडीचे खाडीविषयी.”

भिकाजींनी डोळे मिटले आणि सुरू झाले. “सुरंगवाडयेच्या खाडयेत भितर जाताना ह्या हाताक पाण्याबुडी खडप असा. भरतीक दिसना नाय. देवळाचो कळस नि वडाचा झाड एका सुतात इला काय शीड उतरव. मगे ह्या हाताक रेती, थय व्हडी घाल. घाई करशीत तर बायल रांड होतली.”

बोलताना त्यांचे हात चालत होते. खडक म्हणताना एक हात वर, रेती म्हणताना दुसरा. मी बोट ठेवून पानावर बघत होते. ‘सुरंगवाडीचे खाडीत शिरतेवेळी डावे हातास पाण्याखाली खडक आहे. भरतीचे वेळी दृष्टीस पडत नाही. देवालयाचा कळस व वटवृक्ष एका रेषेत आल्यावर शीड उतरावे. नंतर उजवे हातास रेती आहे, तेथे होडी लावावी.’ बायको विधवा होण्याचं शेवटचं वाक्य कारकुनाने गाळलं होतं. बाकी सगळं ओळीने जुळत होतं. हातसुद्धा जुळले. मी पेन्सिलीने कागदावर खूण केली.

दुसरी खाडी, तिसरी खाडी. वाचकांनी केव्हाच आपापली पुस्तकं मिटली होती. तेलुगू शिलालेखांचे एक प्राध्यापक खुर्ची उचलून जवळ आले. सोवनी त्यांना काही बोलले नाहीत, हेच मला विशेष वाटलं. वर्तमानपत्रात आलेल्या चार ओळी केव्हाच संपल्या होत्या आणि म्हातारा पान अकरावर होता.

एवढ्यात परचुरेसाहेब आले. कोणी कळवलं ते मला कधीच कळलं नाही. पांढरी पँट, पांढरा शर्ट, कोर्टातून थेट. ते भिकाजींच्या मागे येऊन उभे राहिले आणि थोडा वेळ ऐकत राहिले.

“छान पाठ आहे,” ते म्हणाले. “पण यावरून सिद्ध काय होतं? माझे आजोबा लिहिलेलं वाचून दाखवत असतील. ह्यांच्या वडिलांनी ऐकून पाठ केलं असेल. कारकुनाकडून तांडेलाने, की तांडेलाकडून कारकुनाने? दोन्ही शक्य आहे. शंका असेल तिथे कागद बोलतो, सोवनी.”

राग आला तरी मुद्दा खोडता येईना. सोवनींनीही मान हलवली. “पाठांतराने आधी कोण हे ठरत नाही. खरं आहे.”

“चालू द्या,” परचुरे म्हणाले, “मलाही ऐकायचंय.”

भिकाजी त्यांच्याकडे वळलेही नाहीत. “कावळेवाडयेच्या तोंडार ह्या हाताक तीन खडप, मधलो म्हसोबा...”

“थांबा!” परचुरेसाहेब एकदम पुढे झाले. “आत्ता कुठला हात वर केला यांनी? उजवा. ढवळेबाई, वहीत काय आहे?”

मी खाली पाहिलं. “डावे हातास तीन खडक.”

“डावे! आणि हे म्हणतायत उजवा. चुकले.”

“मी चुकूक नाय,” भिकाजी म्हणाले.

“मगाचचं सुरंगवाडीचं काय?”

भिकाजींनी हात वर केला. मागून पाहणाऱ्या परचुऱ्यांना तो उजवा दिसला. तो उजवाच होता. वहीत डावा होता. मी खूण करून मोकळी झाले होते! तिसऱ्या खाडीलाही तेच निघालं. परचुरेसाहेबांनी हसून माझ्या खुणांच्या कागदाकडे बोट केलं. “बाई, तुमची सहानुभूती जरा जास्तच झाली. प्रत्येक ठिकाणी चुकतायत आणि तुम्ही बरोबरच्या खुणा करताय.”

सगळा वाचनकक्ष बघत होता. तिन्ही वेळा मला डावा-उजवा कळू नये? मी काही आंधळी नव्हते. मी म्हाताऱ्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे तोंड करून बसले होते, हात अजून वरच. तो हात माझ्या डाव्या बाजूला होता.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

“आजोबा,” मी विचारलं, “वडील सांगायला बसायचे तेव्हा कारकून कुठे बसायचे?”

“सामकार. जकात नाक्याच्या पडवयेत. बापूस हयसर नि तो थयसर. तू बसलंस तसोच.”

“आणि वडील उजवा-डावा असं म्हणायचे?”

“कित्याक म्हणतलो? हात दाखवी. व्हडयेत कोण उजवो-डावो म्हणना नाय. ह्या हाताक, त्या हाताक.”

मी खुर्ची मागे सारून उठले. पाटीची पर्वा न करता मोठ्याने म्हटलं, “सर, मी जी चूक आत्ता केली तीच चूक अनंतरावांनी केलीय. समोर बसून. तांडेलाने उजवा हात वर केला, तो कारकुनाच्या डावीकडे आला आणि त्याने लिहिलं ‘डावे हातास’. एकदा नाही, प्रत्येक खाडीला!”

“कल्पना सुरेख आहे,” परचुरे म्हणाले. “पण खडक खरोखर कुठे आहे, हे ह्या पुण्यात कोण सांगणार?”

सोवनी उठले. नकाशांच्या दालनात गेले. पाचेक मिनिटांनी हातात लांब गुंडाळी घेऊन आले. देवगडच्या किनाऱ्याचा इंग्रजांनी मोजून काढलेला सागरी नकाशा, आमच्याच संग्रहातला, तीस वर्षांत कोणी मागितला नव्हता. त्यांनी तो टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांवर शब्दकोशाचे खंड ठेवले आणि भिंग घेऊन वाकले. खिशात मागणीची चिठ्ठी होती. ती त्यांनी स्वतःच भरली होती, हे मी पाहिलं.

“सुरंगवाडी,” ते पुटपुटले. “समुद्रातून आत येताना... खडक उजवीकडे.”

त्यांनी भिंग पुढे सरकवलं.

“कावळेवाडी. तीन खडक. उजवीकडे.” ते एकेक खाडी बघत गेले. सात खाड्या होत्या. सातही ठिकाणी नकाशा म्हाताऱ्यासारखा बोलला आणि वही उलटी. सोवनींनी भिंग खाली ठेवलं.

“परचुरेसाहेब,” मी म्हटलं, “ज्याला ठाऊक असतं तो एखाद्या ठिकाणी चुकतो. सातही ठिकाणी उलटा फक्त समोर बसून लिहून घेणारा चुकतो. ही वही हातात घेऊन अनंतराव एकदा जरी होडीत बसले असते, तर ती पुरी करायला परत आले नसते.”

तेलुगू शिलालेखांचे प्राध्यापक फसकन हसले.

परचुरेसाहेबांचा चेहरा पडला, पण ते वकील होते, लगेच सावरले. खुर्ची ओढून भिकाजींच्या शेजारी बसले. आवाजही मऊ केला. “हे बघा, भिकाजी. तुमचे उपकार आहेत. चुका दुरुस्त केल्याच पाहिजेत. तुम्ही आज बसून सगळ्या खाड्या बाईंना नीट सांगा. प्रस्तावनेत आपण छापू, ‘माहितीच्या कामी सगुण कोयंडे यांचे साहाय्य झाले.’ ठळक अक्षरांत.”

“साह्य म्हंजे?” भिकाजींनी मला विचारलं.

“मदत केली म्हणून आभार.”

म्हाताऱ्याने दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले, घट्ट, एकावर एक.

“बापाशीन तेका मदत करूक नाय. तेणा बापाशीक मदत केल्यान. लिवक येय ता लिवल्यान, बरा केल्यान, तेचाय नाव घाला. पण वर बापूस. नायतर मी एकय खडप सांगूचंय नाय. छापा तुमी उलटा.”

“अहो, पण हे काय अडवणूक—”

“मीही दुरुस्ती करणार नाही,” मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं आणि निघून गेलं याचं मला बरं वाटलं. “मुद्रणप्रत माझ्या अक्षरात आहे. ती मी चुकीच्या नावाने सोमवारी देणार नाही.”

“ढवळेबाई, तुम्ही उमेदवारीवर आहात.”

“हो. तीन महिने उरलेत. तेवढे दिवस मला कामावर यावंच लागेल, आणि रोज मी हेच म्हणेन.”

मी माझ्या टेबलावरून कोरं कार्ड आणलं. सोवनी शेजारी येऊन उभे राहिले. हळूच म्हणाले, “चौकोनी कंस असतो, बाई. शीर्षकपानावर नाही पण खरं आहे, ते कंसात लिहायची सोय आहे. कोयंड्यांना कंसात घ्या.”

“कंस म्हंजे काय?” भिकाजींनी विचारलं. त्यांचे कान फार तिखट होते.

“कुंपण,” मी म्हटलं. “सर, कंसात परचुऱ्यांना घेते. लिहून घेणारे म्हणून. कोयंडे बाहेर.”

बत्तीस वर्षांत त्यांना असं कोणी म्हटलं नसावं. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला, नकाशाकडे एकदा पाहिलं.

“लिहा,” ते म्हणाले.

मी लिहिलं. कोयंडे, सगुण. त्याखाली समुद्रमार्गाविषयी. त्याखाली कंसात परचुऱ्यांचं नाव. आणि शेवटी टीप: सर्व दिशा समोर बसून उतरवल्याने उलट्या आहेत. सोवनींनी खिशातून किल्ली काढून खणातली सळई सैल केली, कार्ड आत सरकवलं, सळई परत लावली.

“ते कार्ड काढा,” परचुरेसाहेब म्हणाले. “मी कार्याध्यक्ष म्हणून सांगतोय.”

सोवनी त्यांच्याकडे वळले. आवाज नेहमीइतकाच, एका पट्टीतला. “साहेब, लेखी आदेश द्या. कारणासकट. मी कार्ड काढीन. आदेश दप्तरी दाखल करीन. आणि दाखल झालेल्या प्रत्येक कागदाचं कार्ड होतं, त्याचंही होईल. कर्ता, परचुरे, श्रीनिवास. विषय, सगुण कोयंड्याचं नाव काढणे. शंभर वर्षांनी कोणी शोधलं तर सापडावं म्हणून.”

परचुरेसाहेब उभेच राहिले. कागद मागतील असं मला वाटलं. त्यांनी मागितला नाही. पायऱ्या उतरताना त्यांच्या बुटांचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

लेखी आदेश त्यांनी पुढेही दिला नाही. वही मात्र छापली नाही. शंभराव्या वर्षी संस्थेने माजी अध्यक्षांच्या भाषणांचा संग्रह काढला, तो कोणी वाचला असं ऐकिवात नाही. आणि मला कायम केलं नाही. कारण दिलं, ‘कामात आवश्यक तटस्थता नाही.’ ते पत्र मी फाडलं नाही. सोलापूरला कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढली, निवृत्त झाले. लोक विचारतात, वाईट वाटलं का? पहिल्या महिन्यात वाटलं. पगार गेला की वाटतंच. नंतर कधी नाही. एका कार्डासाठी नोकरी घालवली असं माझा थोरला भाऊ अजूनही म्हणतो, आणि मी अजूनही त्याला म्हणते, हो, घालवली.

पण त्या दुपारी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. परचुरेसाहेबांची गाडी गेल्याचं ऐकू आलं. वाचक आपापल्या जागी जाऊन बसले. भिकाजी खणापाशी आले आणि म्हणाले, “माका दाखव. बापूस खय बसलो?”

मी खण पूर्ण ओढला. कार्डांच्या गर्दीत त्यांचं एक बोट धरून नव्या कार्डावर ठेवलं. कार्ड अजून पांढरंशुभ्र, बाजूची तपकिरी झालेली.

“बाजूक कोण?”

“अलीकडे कोपरकरशास्त्री. त्यांचे धर्मशास्त्रावर अकरा ग्रंथ आहेत. पलीकडे कोरगावकर, रावबहादूर. हायकोर्टाचे न्यायाधीश.”

भिकाजींनी कार्डावरून बोट फिरवलं, एकदा त्या बाजूने, एकदा ह्या. कार्डं इतकी दाटीने बसली होती की मधे नखही शिरेना. मग ते हसले, वाचनकक्षातल्या सगळ्यांनी पुन्हा माना वर कराव्यात एवढ्या मोठ्याने.

“बापूस तेंका म्हणतलो,” ते म्हणाले, “वायच सरकान बसा.”